ऑनलाइन आरपीजी आणि हौशी मंडळींनी केलेली टूल्स: किती विसंबायचं?

फासेवाली

नमस्कार मंडळी. आमचा आरपीजीचा, म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायच्या खेळांचा, ग्रुप कॉलेजपासूनचा. तेव्हा कर्वेनगरात एकीच्या गच्चीवर बसून खेळायचो. आता एक मेंबर बंगळुरूला, एक स्टुटगार्टला आणि पुण्यात उरलेले तिघं हडपसर, हिंजवडी आणि सिंहगड रोडला, म्हणजे शनिवारच्या ट्रॅफिकमधून एकमेकांकडे पोचेपर्यंत खेळायची वेळच संपेल. म्हणून शनिवारी रात्री साडेनऊला फाउंड्रीवर, म्हणजे नकाशा, पात्रं, फासे सगळं ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या ऑनलाइन टेबलावर, भेटतो. बोलायला डिस्कॉर्ड.

दिवाळीनंतर मी नवं कॅम्पेन (अनेक सेशन्स चालणारी सलग गोष्ट) सुरू करतेय. नियम डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, पण जग आपलं: मावळातली एक ओसाड गढी, भोवतीची चार गावं, पिंपळावरचा मुंजा, वेशीवरचा वेताळ आणि रानात रात्री वाट चुकवणारा चकवा. चकव्यावर माझा फार जीव आहे. खेळाडू नकाशावरचं आपलं टोकन (पात्राची सोंगटी) पूर्वेला नेत राहतो आणि एका ठराविक वडापाशी परत येतो. उजेड तसाच, झाडं तशीच. आपण फिरून तिथंच आलोय हे कळायलाच त्यांना वेळ लागावा, असं मी रचलंय. आणि हे सगळं एका हौशी डेव्हलपरच्या मॉड्यूलवर (फाउंड्रीला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर) बसवलंय.

गेल्या आठवड्यात त्या मॉड्यूलच्या गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) लेखकाची दोन ओळींची सूचना आली. नोकरी बदलली, घरी बाळ आलंय, यापुढे यावर काम होणार नाही. रेपो, म्हणजे कोडचं तिथलं घर, अर्काइव्ह केलाय: वाचता येतो, बदलता येत नाही. मला त्याचा जराही राग नाही, इतकी वर्षं त्याने फुकट दिलं. पण त्यानंतर यादी काढायला बसले, तर माझ्या टेबलावरचं जवळपास सगळंच अशा लोकांच्या हातात आहे. थ्रीडी फासे, हल्ल्याचा हिशोब, पाऊस-धुकं, दारांचे आवाज, सगळंच.

या भरवशावर दोन-अडीच वर्षांचं कॅम्पेन उभं करावं का? तुम्ही काय करता?

कोथरूडकर

स्पष्टच सांगतो. पैसे मोजा आणि कंपनीचं टूल घ्या. बिघडलं तर कुणाला तरी जाब विचारता येतो. हौशी माणसाला जाब विचारायची सोय नाही, आणि विचारूही नये. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आठवडाभर तयारी करायची आणि ऐन सेशनला एररची लाल अक्षरं बघायची, हा खेळाडूंवरही अन्याय आहे.

पेशवाई_एल्फ

चकवा जबरदस्त! एक जागा रिकामी असेल तर मी तयार आहे. (प्रश्नाचं उत्तर नाही, पण राहवलं नाही.)

चतुर_घुबड

@कोथरूडकर, जाब विचारता येतो हे खरं, पण टूल टिकेल याची हमी कंपनीही देत नाही. डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीसाठी प्रकाशकांची स्वतःची ऑनलाइन टूल्स होती, दरमहा वर्गणीची. पात्र बनवायचा कॅरेक्टर बिल्डर सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राउझर प्लगइनवर चालायचा. सिल्व्हरलाइटचे दिवस भरले आणि १ जानेवारी २०२० पासून ती सगळी टूल्स बंद झाली. अलीकडचं सांगायचं तर 'सिजिल' नावाचा त्यांचा थ्रीडी टेबलटॉप. गाजावाजा करून आणला आणि मार्च २०२५ मध्ये त्यावरच्या बहुतेक टीमला घरी पाठवलं.

दुसरं म्हणजे तुम्ही ज्याला कंपनीचं टूल म्हणता त्यातही हौशी हात असतात. रोल२० या कंपनीच्या ऑनलाइन टेबलावर जी शेकडो गेमांची कॅरेक्टर शीट्स (पात्राच्या माहितीचे तक्ते) मिळतात, त्यातली बरीचशी खेळाडूंनीच लिहून एका सार्वजनिक गिटहब रेपोत टाकलेली आहेत. कमी खपाचा एखादा गेम असेल, तर त्याचं शीट आहे की नाही हे कुणातरी एका चाहत्याला वेळ मिळाला होता की नाही यावर ठरतं.

आणि धागाकर्तीचं जग मावळातलं आहे. खवीस आणि मुंजा घेऊन कुठली कंपनी येणार आहे?

कोथरूडकर

शेवटचा मुद्दा मान्य. पहिल्या दोनांवर विचार करतो. पण बंद करताना कंपनी निदान तारीख सांगते.

अर्धाबाईट

धागा वाचून राहवलं नाही. मी फाउंड्रीसाठी एक छोटंसं मॉड्यूल करतो. नाव सांगत नाही, जाहिरात नको. हिंजवडीत नोकरी, रात्री जेवणं झाली की जमेल तसं हे काम. आतून हे कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे कुठे विसंबायचं ते ठरवायला सोपं जाईल.

मॉड्यूल 'मोडतं' म्हणजे काय? बहुतेक वेळा मॉड्यूल जागच्या जागी असतं, खालची फाउंड्री बदलते. २०२२ मध्ये दहावी आवृत्ती आली तेव्हा पात्राची माहिती ठेवायची जागाच बदलली. आधी 'अ‍ॅक्टर डॉट डेटा डॉट डेटा' असं लिहावं लागायचं, ते 'अ‍ॅक्टर डॉट सिस्टिम' झालं. बदल अतिशय योग्य, जुनी मांडणी चुकीचीच होती. पण ज्याच्या कोडमध्ये ही ओळ पानोपानी होती त्याला प्रत्येक ठिकाणी हात लावावा लागला. पुढच्या वर्षी अकराव्या आवृत्तीत डेटाबेस बदलला, नीडीबी जाऊन लेव्हलडीबी आला. २०२४ च्या बाराव्यात खिडक्या काढायची नवी पद्धत आली. थोडक्यात, दरवर्षी एक मोठी आवृत्ती आणि दरवर्षी हौशी माणसाचे कित्येक शनिवार-रविवार, नवीन काही न करता फक्त होतं ते चालू ठेवण्यासाठी. लोक सोडून जातात ते इथे. नवं काही करायला मिळालं तर थकवा येत नाही, नुसतं टिकवण्याचा येतो.

त्यात गिटहबवर पहाटे तीनला इश्यू (तक्रार) येतो: 'चालत नाही. लवकर दुरुस्त करा, आज सेशन आहे.' फाउंड्रीची आवृत्ती नाही, गेम सिस्टिम कुठली ते नाही, कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका नोंदवतो त्या खिडकीत) काय लाल आलं ते नाही. त्या माणसाची घाई मला कळते, कारण मीही डीएम आहे. पण त्या दोन वाक्यांतून मला काहीच शोधता येत नाही.

म्हणून हात जोडून विनंती. काही बिघडलं तर एफ१२ दाबून कन्सोल उघडा आणि पहिली लाल ओळ कॉपी करा. पहिली, शेवटची नव्हे. शेवटच्या ओळी बहुधा पहिल्या चुकीचे पडसाद असतात. नंतर 'फाइंड द कल्प्रिट' नावाचं मॉड्यूल लावा, तेही एका हौशी माणसाचंच. ते निम्मी मॉड्यूल्स बंद करून विचारतं, अजून बिघाड आहे का? मग उरलेल्यांतली निम्मी. चाळीस मॉड्यूल्स असली तरी पाच-सहा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. एवढं करून लिहिलेला इश्यू आला की माझा अख्खा रविवार वाचतो.

फासेवाली

@अर्धाबाईट, दंडवत. 'नुसतं टिकवण्याचा थकवा' हे वाचून त्या लेखकाची दोन ओळींची सूचना पुन्हा वाचली.

टेकडीवरून

मी जरा वेगळ्या बाजूने बोलतो. एवढं सगळं लागतंच कशाला? १९७४ मध्ये डी अँड डी आलं तेव्हा कागद, पेन्सिल आणि फासे होते. आम्ही आजही कॉन्फरन्स कॉलवर खेळतो. नकाशा डीएमच्या बोलण्यात असतो आणि फासे ज्याच्या त्याच्या घरी. कुणी वीस पडले म्हणालं की वीस पडले. दोस्तांवर तेवढा विश्वास नसेल तर खेळायचं कशाला? मॉड्यूल मोडायचा प्रश्नच नाही. तुमचा चकवाही आवाजात सांगितला तर अंगावर जास्त काटा येईल असं माझं मत.

पेशवाई_एल्फ

टेकडीवरून काकांच्या ग्रुपमध्ये वीस जरा जास्तच पडत असावेत :)

टेकडीवरून

पडतात बाबा, काय करणार. वेताळ टेकडीचा आशीर्वाद.

निशाचर

टेकडीवरून काका, तुमचं म्हणणं मला मनापासून आवडलं. पण एक बाजू सांगायची आहे. मला दिसत नाही. माझे फासे घरी टाकले तर काय पडलं ते दुसऱ्याला विचारावं लागतं. उठावाच्या खुणांचे फासे मिळतात, पण वीस बाजूंच्या फाशावर बोट फिरवून वाचायला वेळ लागतो आणि सगळ्यांना थांबवल्यासारखं वाटतं.

डिस्कॉर्डवर फासे टाकणारा बॉट आला आणि माझ्यासाठी टेबल बरोबरीचं झालं. मी एक ओळ टाइप करते, उत्तर मजकुरात येतं, स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो करायला घेतला, कारण बाजारातले स्क्रीन रीडर परवडण्यासारखे नव्हते. आज तो फुकट आहे आणि त्याचा कोड खुला आहे. मराठी वाचणारा ईस्पीक एनजीचा आवाजही तसाच, खुल्या प्रकल्पातला. म्हणजे मी खेळायला बसते तेव्हा एकावर एक तीन थर हौशी आणि सेवाभावी लोकांच्या कामाचे असतात.

त्यातला बॉट एकदा गेलाही. एका विद्यार्थ्याने केलेला होता आणि एका होस्टिंग कंपनीच्या फुकट सोयीवर चालायचा. ती सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली आणि आमचा बॉट गप्प झाला. त्या मुलाने काय केलं सांगू? आधीच सर्व्हरवर सूचना टाकली, कोड खुला केला आणि चालवायचा कसा याचं एक पान लिहिलं. आमच्यातल्या एकाने ते वाचून बॉट स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर चढवला. आजही चालतोय.

म्हणून मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: टूल हौशी माणसाचं आहे का हा प्रश्न मी विचारत नाही. तो माणूस उद्या थांबला तर मागे काय उरेल, हे बघते.

टेकडीवरून

निशाचर, ही बाजू माझ्यासमोर कधी आलीच नव्हती. लिहिलंस हे फार बरं केलंस. आमच्या कॉलवर कधी यायचं असेल तर जागा आहे, आणि वीस पडलेत का ते तुझ्या बॉटलाच विचारू.

चतुर_घुबड

+१ निशाचर. 'मागे काय उरेल' यात पहिली गोष्ट लायसन्स. गिटहबवर कोड दिसतो म्हणजे तो वापरायची, बदलायची मुभा आहे असं नाही. लायसन्सची फाइलच नसेल तर सगळे हक्क लेखकाकडे राहतात, आणि तो गेला की कुणीही कायदेशीरपणे पुढे चालवू शकत नाही. एमआयटी किंवा जीपीएलसारखं खुलं लायसन्स असेल तर फोर्क (आपली प्रत काढून पुढे काम) करता येतो. मॉड्यूल निवडताना गिटहबवर चांदण्या (लोकांची पसंती) किती आहेत हे बघण्याआधी ही फाइल बघा.

नियमांच्या बाबतीतही हेच. जानेवारी २०२३ मध्ये ओजीएल, म्हणजे डी अँड डीचे नियम इतरांना वापरू देणारं लायसन्स, बदलायचा घाट घातला गेला तेव्हा किती जणांची झोप उडाली आठवतंय का? शेवटी पाचव्या आवृत्तीचं एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा संच) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली आणलं गेलं, आणि ते आता मागे घेता येत नाही. तुमचा मुंजा त्या नियमांवर लिहिला असेल, तर श्रेय देऊन तुम्ही तो छापूही शकता.

हिंजवडीचा_ड्रॅगन

सगळे मॉड्यूलवर बोलताहेत, मी सर्व्हरवर बोलतो, कारण पुण्यातून होस्ट करायचं म्हणजे ते आधी. फाउंड्रीचं लायसन्स ५० डॉलर, एकदाच, आणि तेही फक्त डीएमने घ्यायचं. खेळाडू ब्राउझरमधून येतात. पण सर्व्हर तुमच्या घरी. आता आपल्याकडच्या घरगुती ब्रॉडबँडला बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता) नसतोच, सीजीनॅट असतं. म्हणजे अनेक गिऱ्हाइकांत मिळून एक पत्ता. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड कितीही करा, बंगळुरूचा मित्र आत येणार नाही. लोक रात्र-रात्र राउटरशी झटापट करतात आणि दोष फाउंड्रीला देतात.

उपाय तीन. प्रोव्हायडरला महिन्याचे थोडे जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी घ्या. नाहीतर टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेलसारखं, घरच्या सर्व्हरपर्यंत वाट काढून देणारं काही लावा. नाहीतर मुंबईतल्या एखाद्या क्लाउड सर्व्हरवर चढवा. मी तिसरा केला. पहिलं कारण गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, आणि खेळाडूंना शीट बघायचं असतं तेव्हा घरचा सर्व्हर बंद. दुसरं कारण, बॅकअप आपोआप दुसरीकडे जातो.

शाईचा_डाग

थोडं अवांतर, पण धागाकर्तीला उपयोगी पडेल. देवनागरीत खेळणार असाल तर आत्ताच तपासून घ्या. आमच्या एका लढवय्याचं हत्यार 'कुऱ्हाड'. फाउंड्रीत व्यवस्थित दिसायचं, कारण तिथे मजकूर ब्राउझर जुळवतो. पीडीएफ कॅरेक्टर शीट काढलं की 'ऱ्ह'चे तुकडे: एकीकडे र, मध्ये सुटा हलंत, पुढे ह. 'मावळ्याची' मधला ळ्या पण तसाच. फॉर्म भरता येणाऱ्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं जुळवायचं काम बऱ्याच टूल्सना येतच नाही.

मी पीडीएफचा नाद सोडला आणि शीट एचटीएमएलमध्ये काढून ब्राउझरमधूनच प्रिंट करायला लागलो. फॉन्ट 'मुक्ता' वापरतो. मुंबईच्या एक टाइपचा, ओपन फॉन्ट लायसन्सखालचा. ऱ्ह, ऱ्य, ळ्य सगळं जागच्या जागी. फाउंड्रीत स्वतःचे फॉन्ट चढवायची सोय आहे, म्हणजे जर्मनीतल्या मेंबरच्या मशिनवर मराठी फॉन्ट नसला तरी नकाशावरच्या पाट्या नीट दिसतील.

फासेवाली

कुऱ्हाड! माझ्याकडे गढीचा लाकूडतोड्याच आहे. आजच तपासते.

बुचाचं_फूल

मी आरपीजी खेळत नाही. माझा मुलगा खेळतो, म्हणून धागा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. तुमच्यातल्या तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास संगणकावर मराठी लिहिणं म्हणजे दिव्य होतं. विंडोज एक्सपीत आधी इंडिक सपोर्ट चालू करावा लागे, त्यासाठी एक्सपीची मूळ सीडी शोधावी लागे, आणि ती कधीच जागेवर नसे. त्या दिवसांत कित्येक मराठी संकेतस्थळांवर थेट रोमन कळफलकावरून मराठी टंकायची सोय 'गमभन'मुळे झाली. ते कुठल्या मोठ्या कंपनीने केलं नव्हतं. एका मराठी माणसाने हौसेने केलं आणि ज्याला हवं त्याला दिलं. परदेशात गेलेल्या माझ्या बहिणीने मला पहिलं मराठी पत्र त्यावरून टंकून पाठवलं. किती लोकांनी त्यावर कथा लिहिल्या, पाककृती लिहिल्या, भांडणं केली! 'बरहा'ही आधी फुकट होतं, पुढे विकत झालं. ज्यांना झेपलं त्यांनी घेतलं, बाकीचे दुसरीकडे वळले.

टूल बदलली, लिहिलेलं राहिलं. का राहिलं, तर ते युनिकोडमध्ये होतं. त्याआधी जे वेगवेगळ्या फॉन्टांच्या खास सांकेतिकीत टंकलं गेलं, त्यातलं कितीतरी आज उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरांची गर्दी दिसते. तुमच्या खेळातलं मला कळत नाही, पण तुमची गोष्ट, तुमची गावं, तुमची भुतं अशा रूपात ठेवा की उद्या टूल बदललं तरी वाचता येतील.

अर्धाबाईट

@बुचाचं_फूल, खेळत नाही म्हणता आणि सगळ्यात नेमकं तुम्हीच सांगितलंत. फाउंड्रीत हा मुद्दा आणखी तातडीचा आहे. दहाव्या आवृत्तीपर्यंत डेटा साध्या मजकुरी फाइलीत असायचा, नोटपॅडमध्ये उघडून वाचता यायचा. लेव्हलडीबी आल्यापासून तसं वाचता येत नाही. नवा डेटाबेस वेगवान आहे, तक्रार नाही. पण म्हणूनच अधूनमधून पात्रांवर, नोंदींवर राइट क्लिक करून जेसन या मजकुरी स्वरूपात एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि गोष्टीचा मूळ मजकूर फाउंड्रीबाहेर साध्या फाइलमध्ये असू द्या, फाउंड्रीत त्याची प्रत.

आणखी एक. वर्ल्ड (कॅम्पेनचा सगळा डेटा) एकदा नव्या आवृत्तीत गेलं की मागे आणता येत नाही. बॅकअप असेल तर तोच एक परतीचा रस्ता.

कोथरूडकर

दोन दिवस विचार केला. कंपन्यांबद्दल चतुर_घुबड म्हणतात ते पटलं. तरी माझा एक मुद्दा उरतोच आणि तो मी सोडणार नाही. 'हौशी माणूस कुणाचं काही देणं लागत नाही' असं सगळे गृहीत धरताहेत. हजारो लोक वापरतात हे दिसत असताना काहीच देणं लागत नाही? निशाचर यांच्या बॉटवाल्या मुलाने सूचना दिली, कोड दिला, पान लिहिलं. ते त्याचं औदार्य होतं की कर्तव्य? माझ्या मते कर्तव्य. गणपतीत मांडव घालणारा कार्यकर्ताही फुकटच राबतो, पण अर्धा मांडव रस्त्यात सोडून घरी जात नाही.

अर्धाबाईट

@कोथरूडकर, विचार करून लिहिलंत म्हणून मीही तसंच उत्तर देतो. निम्मं मान्य. थांबताना सांगणं, लायसन्स नीट ठेवणं, कुणी घ्यायला तयार असेल तर चाव्या देणं, एवढं मी स्वतःवर बंधन मानतो. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारातून काढून घेतलं आणि जगभरच्या प्रकल्पांची बिल्ड अडली. त्याची बाजू होती, तरी असं अचानक काढू नये असं माझं मत.

पण त्यापुढे नाही. मांडवाच्या कार्यकर्त्याच्या जोडीला पन्नास जण असतात, आणि एकाला ताप आला तर दुसरा बांबू धरतो. मॉड्यूलवाला बहुतेक वेळा एकटा असतो. 'कायम चालू ठेव' हे कर्तव्य एकट्यावर टाकलं तर कुणी काही खुलं करणारच नाही. सगळे आपापल्या हार्ड डिस्कवर ठेवतील.

जोडीला माणसं हवीत हा खरा उपाय, आणि तो काही ठिकाणी झालाय. फाउंड्रीच्या जगात 'लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी फाउंड्री व्हीटीटी डेव्हलपर्स' म्हणून गट आहे. सोडून दिलेली मॉड्यूल्स तिथे अनेकांनी मिळून सांभाळली आहेत.

कोथरूडकर

'सांगून थांबणं कर्तव्य, न थांबणं नाही.' एवढ्यावर आपलं जमलं असं समजू.

पेशवाई_एल्फ

जोडीला माणसं म्हणजे आम्ही काय करायचं? मला कोड येत नाही. कॉलेजात आहे, पैसेही नाहीत.

अर्धाबाईट

नवी आवृत्ती टेस्टिंगमध्ये असते तेव्हा कोऱ्या वर्ल्डमध्ये मॉड्यूल लावून बघ आणि काय चाललं, काय नाही ते लिही. 'चाललं' हेसुद्धा लिही, आम्हाला ते कुणीच सांगत नाही. मराठी भाषेची फाइल करू शकतोस, ती जेसनची साधी यादी असते. वापरायचं कसं याचं पान लिही. कोडपेक्षा हे जास्त अडलेलं असतं.

हिंजवडीचा_ड्रॅगन

पैशांबद्दल: दरमहा वर्गणी भारतीय कार्डावरून देणं कटकटीचं झालंय. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम बदलले आणि त्यानंतर परदेशी साइटवरच्या माझ्या दोन-तीन वर्गण्या गुपचूप फेल होत राहिल्या. डेव्हलपरला वाटलं असेल मी सोडून गेलो. आता आम्ही ग्रुपमध्ये यूपीआयवर गोळा करतो आणि कॅम्पेन संपलं की एकदम एकरकमी देतो, कुठल्या मॉड्यूलला किती ते मतदानाने. मागच्या वेळी फाशांच्या मॉड्यूलला सगळ्यात जास्त गेले, कारण सगळ्यांना ते फासे घरंगळताना बघायला आवडतात.

फासेवाली

इतके मनापासूनचे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मी हे ठरवलंय.

कॅम्पेन फाउंड्रीवरच करणार. सुरू होण्याआधी फाउंड्री, सिस्टिम आणि मॉड्यूल्स एका आवृत्तीवर थांबवणार आणि एखादं प्रकरण पूर्ण झाल्याशिवाय अपडेटला हात लावणार नाही. यादी कापली. ज्याच्याशिवाय गोष्ट अडत नाही ते काढलं, पाऊस-धुकं गेलं, फासे राहिले. हल्ल्याचा हिशोब करणारं मॉड्यूल आणखी दोन लायब्ररी मॉड्यूल्सवर उभं आहे हे बघितल्यावर तेही काढलं. हिशोब आम्ही करू, येतो आम्हाला. गावं आणि भुतं साध्या मजकुरी फाइलींत उतरवली.

राहिला चकवा. त्याचं मॉड्यूल अर्काइव्ह झालंय, आणि लायसन्सची फाइल नाही.

अर्धाबाईट

चकव्याला मॉड्यूलच लागणार नाही. बाराव्या आवृत्तीपासून फाउंड्रीतच 'सीन रीजन्स' आहेत. नकाशावर हवा तेवढा भाग आखायचा, त्याला टेलिपोर्टची वागणूक जोडायची, दुसरा भाग वडाभोवती आखून तिथे पाठवायचं. आधी हे करायला हौशी मॉड्यूल्सच लागायची. लोक ती किती वापरतात हे वर्षानुवर्षं दिसत होतं. तुमच्या त्या लेखकासारख्यांनी रस्ता दाखवला असं मी मानतो.

एक काळजी घ्या. टेलिपोर्ट करताना विचारणारी खिडकी येऊ शकते, ती बंद ठेवा, नाहीतर खेळाडूला कळेल. आणि वडाभोवतीचा भाग थोडा मोठा आखा, म्हणजे टोकन दरवेळी अगदी त्याच चौकटीत उतरणार नाही.

फासेवाली

आत्ता करून बघितलं. चालतंय! पूर्वेच्या कडेला आखलं, टोकन वडापाशी आलं, खिडकी नाही, काही नाही. रेपो अर्काइव्ह असल्यामुळे तिथे लिहिता येत नाही, पण लेखकाच्या प्रोफाइलवर ईमेल आहे. त्याला आभाराचं पत्र लिहितेय, त्याच्या मॉड्यूलमधून काय उभं राहिलं ते सांगायला.

निशाचर

फासेवाली, एक प्रश्न. चकवा लागला हे दिसणाऱ्यांना नकाशावरून हळूहळू कळेल. ऐकून खेळणाऱ्याला कसं कळणार? वडाच्या पारंब्यांचा, घुबडाचा असा एखादा ठराविक आवाज त्या भागाला जोडता आला, तर मलाही तेवढ्याच हळूहळू कळेल.

फासेवाली

हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. वडाजवळ ओढा आहे, त्याचा आवाज ठेवते. प्रत्येक फेरीला तोच ओढा, डाव्या कानाला. शनिवारी खेळायला येतेस का? जागा करते. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

पेशवाई_एल्फ

आणि माझी जागा?

फासेवाली

तू आधी मराठी भाषेची फाइल कर, मग ये. खरंच सांगतेय, मेनू मराठीत झाले तर आईलाही एक सेशन खेळवायचं आहे मला.

शाईचा_डाग

@पेशवाई_एल्फ, फाइल एकट्याने करू नकोस, वाटून घेऊ. मी रविवारी सकाळी मोकळा आहे. झाली की वेगवेगळ्या फॉन्टांत लावून ऱ्ह, ळ्य सगळं तपासून देतो.